अमीनाबीची फरदड

शिरपुरात बांगड्या भरणाऱ्या पुष्कळ झाल्या, पुढंही होतील. पण डोळे मिटून, नुसता हात हातात घेऊन माप सांगावं ते अमीनाबीनंच. तळवा जरा दाबायचा, अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवायचं आणि काच अशी सरकवायची, की बाईच्या तोंडून ‘माय वं’ निघायच्या आत बांगडी मनगटावर. एकदा धरलेला हात ती विसरत नसे. चेहरा विसरे, नाव विसरे, हात नाही.

जैन मंदिराच्या वाटेवर तिच्या नवऱ्याचं, रहीमभाईचं, बांगड्यांचं दुकान आहे. यात्रेला आलेले लोक तिथं पुढून येतात. गावातल्या आणि आसपासच्या तांड्यावस्त्यांवरच्या बाया मात्र मागच्या दारानं थेट अंगणात शिरतात. निम्म्या येतात अमीनाबीच्या हातासाठी, आणि निम्म्या तिच्या मिरचीसाठी.

मिरची पाहायला गेलं तर काही नव्हती. बोटाच्या दोन पेरांएवढी, सडपातळ, शेंड्याशी जराशी वळलेली, पिकली की काळपट लाल. पण पाट्यावर लसणाबरोबर तिचा ठेचा पडला की गल्लीच्या टोकाला माणूस शिंकायचा, आणि शिंकून झाल्यावर भाकर मागायचा. तिचं तिखट जिभेवर चढून बसत नसे. सावकाश घशात उतरे आणि जाताना मागे एक गोडसर वास ठेवून जाई. लोक तिला अमीनाबीची मिरची म्हणत. खरं तर ती तिच्या सासूची, आणि सासूच्याही आधीच्या कुणाची तरी. पण नाव अमीनाबीचं पडलं होतं, आणि ते तिला आवडत होतं.

सासूनं मिरचीबरोबर तिच्या रीतीही दिल्या होत्या. बी घ्यायचं ते दुसऱ्या तोड्याचं, झाडावरच लाल झालेल्या मिरचीचं. सावलीत वाळवायचं, चुलीच्या राखेत घोळवून ठेवायचं. पाऊसकाळाच्या तोंडाशी पत्र्याच्या पिप्यात पेरायचं. आणि एखादं जुनं झाड कधी उपटायचं नाही. थंडी पडू लागली की ते हातभर ठेवून छाटायचं, पाणी तोडायचं, चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवायचं. पुसाच्या महिन्यात ते मेल्यासारखं दिसतं, पण मरत नाही. ऊन तापलं की काडीच्या पेरातून हिरवा थेंब बाहेर येतो. एखाद्या साली बी नाही उगवलं तर घरात त्याची आई असावी, म्हणून ते जुनं झाड.

शेवटची रीत माणसांची होती. रोप कुणीही मागितलं तरी नाही म्हणायचं नाही. आणि ते हातातून हातात द्यायचं नाही. मिरची हातात दिली की भांडण होतं हे तर लहान पोरालाही ठाऊक, पण सासूनं तो नियम रोपालाही लावला होता. ओट्याच्या दगडावर रोप ठेवायचं, घेणारीनं उचलायचं. इतकी वर्षं अमीनाबीनं दगडावर रोपं ठेवली. एकदाच चुकली.

ती दिवाळी होती.

त्या पावसाळ्यात तिची सून फरहा माहेरी वाशिमला जाऊन आली आणि येताना नर्सरीतून एक कुंडी घेऊन आली. कुंडीत भज्याची मिरची. जाड सालीची, फुगीर, तेल लावल्यासारखी चमकदार, तिखट नावाला. फरहानं ती पुढच्या कट्ट्यावर ठेवली होती. अमीनाबीला ती इतकी देखणी वाटली की तिनं कुंडी उचलून मागच्या अंगणात आणली आणि बियाण्यासाठी राखलेल्या आपल्या दोन झाडांच्या मधोमध ठेवली. येणाऱ्या जाणाऱ्या बायांना दिसावी म्हणून. ‘आमच्या सुनेनं वाशिमहून आनली,’ असं सांगताना तिचा आवाज जरा वर जाई. आता अडचण एवढीच होती की तिथंच कोपऱ्यात जुनं झाडही होतं. बुंधा लाकडासारखा झालेला, पानं मुरडलेली. नव्या कुंडीशेजारी ते अगदीच दरिद्री दिसायचं.

दिवाळीच्या आधी अंगण बायांनी भरलं होतं. बेबीबाई, म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, जिच्या जिभेला गावात सगळे दबून असत, ती हात पुढं करून बसली होती. तेवढ्यात मागच्या दारातून तांड्यावरची भुरीबाई आत आली आणि दाराशीच उभी राहिली.

भुरीबाईबद्दल थोडं सांगायला हवं. ती तांड्यावरच्या हेमसिंगची दुसरी बायको. त्याची पहिली वारली. हिचाही नवरा गेलेला. दोघांचीही वयं उतरणीला लागलेली. बँड नाही, वरात नाही, चार माणसांत हेमसिंग तिला घरी घेऊन आला. तांड्यात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शिरपुरात मात्र बायांना हात भरून घेताना बोलायला विषय झाला. दरवर्षी दिवाळी झाली की दोघं ऊस तोडायला दूर जात, तिथं पाचटाच्या कोपीत राहत, ते उन्हाळ्यातच परतत.

“अमीनाबी, चुड्या मागून भरतो,” भुरीबाई म्हणाली. “आधी मले एक मिरचीचं झाड पायजे. दोन-चार दिवसात गाडी भरते आमची. तिकडं कोपीवर भाकरीसंग काहीच नसते. एखांदं झाड सोबत असलं तं बरं.”

“आता दिवाळीत रोप कुठून आनू? रोपं काय चुड्या हायेत व, कवाबी मांगाले?”

“उसात मिरची लावतं का माय?” बेबीबाई म्हणाली. “गोड होऊन जाईन ते.”

बाया हसल्या. अंगणात हसू फुटलं की ते आपल्या हातात घ्यायची अमीनाबीला खोड होती. दुकानदारीत ही खोड कामाची असते. हसणारी बाई दोन बांगड्या जास्तच भरते. अमीनाबी उठली, कोपऱ्यात गेली, जुनं झाड बुंध्याला धरून मुळासकट उपसलं आणि भुरीबाईच्या पायांपुढं टाकलं.

“घे,” ती म्हणाली. “फरदडीले फरदड.”

वऱ्हाडातल्या माणसाला हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. कपाशीचा हंगाम सरला तरी झाडं उपटायची नाहीत, पाणी देऊन पुन्हा बोंडं घ्यायची, त्या उरल्यासुरल्या पिकाला फरदड म्हणतात. आधी हा साधा शब्द होता. बोंडअळी आली आणि ती फरदडीत तग धरते म्हणून सरकारी माणसं गाडीवर भोंगा लावून सांगत फिरू लागली, फरदड ठेवू नका, फरदड उपटून टाका. तेव्हापासून त्या शब्दालाच कीड लागली. आणि तोच शब्द अमीनाबीनं उतारवयात दुसऱ्याचं घर मांडलेल्या बाईला लावला.

हसू असं उठलं की ओट्यावरचे सुपातले काचेचे जोड किणकिणले. बेबीबाईनं डोळ्याला पदर लावला. भुरीबाई हसली नाही, रागावलीही नाही. ती खाली बसली, झाड उचललं, मुळं तुटली का ते पाहिलं. रांजणाखालच्या ओल्या मातीत फडकं बुडवलं आणि मुळांभोवती गुंडाळलं.

“चुड्या?” अमीनाबीनं विचारलं.

“राहू द्या. येतो मी.”

त्या दिवशी जेवताना रहीमभाई म्हणाला, “आज अंगनात लय हासू होतं.”

“दिवाळी हाय. बाया हासतीलच.”

“भुरीबाईचं नाई आयकू आलं.”

अमीनाबीनं त्याच्या ताटात भाकर वाढली. मनात म्हणाली, गंमत होती. एवढी गंमत तर चालतेच.

गंमत अंगणात राहिली नाही. बेबीबाईच्या तोंडून ती बाजारात गेली, बाजारातून बसस्टँडवर. उन्हाळ्यात भुरीबाई परत आली तोवर तिचं नाव तयार होतं. फरदडबाई. पिठाच्या गिरणीवर म्हणत, ‘ते फरदडबाईचं दळण काढा.’ म्हणणाऱ्याला अर्थही ठाऊक नसे, त्याला ते आडनाव वाटे. भुरीबाई शिरपुरात बाजाराला येई, पण अमीनाबीच्या गल्लीत शिरत नसे. पावसाळ्यात रोपं वाटली तेव्हाही आली नाही. त्याआधी, उन्हाळ्यातच, एकदा बसमध्ये अमीनाबीला तिचा हात दिसला, वरच्या दांडीला धरलेला. हातात तालुक्याच्या, मालेगावच्या, बाजारातल्या बांगड्या होत्या. अमीनाबीनं खिडकीबाहेर पाहिलं. हंगाम संपलेली शेतं होती, मोकळी. शिरपूर येईस्तोवर ती तीच पाहत राहिली.

मग त्या साली वाटलेली रोपं उलटली.

पावसाळ्याआधी अमीनाबीनं नेहमीसारखं बी पेरलं होतं. राखलेल्या दोन झाडांचं, थंडीत वेचलेलं, राखेत ठेवलेलं. रोपं टरारून आली. गल्लीत, गावात, केनवडला दिलेल्या पुतणीच्या घरी, सगळीकडं वाटली. दसऱ्याच्या सुमारास मिरच्या धरल्या आणि अमीनाबीनं पहिली मिरची हातात घेतली तेव्हा तिच्या बोटांनाच आधी कळलं. माप चुकलं होतं. साल जाड. पोट फुगीर. शेंडा वळलेला नाही, बोथट. तिनं चावून पाहिली. तिखट होती, पण कशीतरी. जिभेवर ओरडून गेली आणि मागे काहीच ठेवलं नाही. पाण्याचा वास तेवढा राहिला.

वाळत घातल्या तर सुकेनात. लाल होण्याआधी पोटाशी काळ्या पडून सडू लागल्या.

बाया बोलल्या नाहीत, हेच वाईट झालं. मिरची चांगली असती तर वाकडं बोलल्या असत्या. आता हात भरून घ्यायच्या आणि नजर अंगणातल्या झाडांवर जाऊ द्यायच्या नाहीत, जसं एखाद्या घरचं लग्न मोडल्यावर तिथं हळदीचा विषय काढत नाहीत. बोलली ती बेबीबाई.

“अमीनाबी, यंदा तुमची मिरची बाळंत होऊन आली का व? लय भरली आंगानं.”

“पानी जास्त झालं यंदा,” अमीनाबी म्हणाली.

“आमच्या दारी तं पानी कमीच पडलं बाई.”

शेवटी तिनं माणिकरावाला बोलावलं. माणिकराव म्हणजे आयुष्यभर मिरची पिकवलेला म्हातारा, दुकानावर रहीमभाईशी गप्पा मारायला येणारा. त्यानं मिरची नखानं उभी चिरली, आतलं पाहिलं, हुंगली.

“हे दोन जातीचं लेकरू हाय,” तो म्हणाला. “तुमच्या बियाच्या झाडाशेजारी फुलाच्या वक्ताले दुसरं कोनतं झाड होतं?”

अमीनाबीची नजर उठली आणि फरहावर जाऊन थांबली. फरहा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

“माह्या कुंडीतलं होतं, काका,” ती हळू बोलली. “भज्याचं.”

“मंग झालं,” माणिकराव म्हणाला. “माश्यांनी इकडचं तिकडं केलं. पोरगी नवी हाय, तिले काय ठाऊक.”

कुंडी कट्ट्यावरून अंगणात कुणी आणली, मधोमध कुणी ठेवली, हे फरहाला ठाऊक होतं आणि अमीनाबीलाही. बोलायला जागा होती, एका वाक्याची. अमीनाबीनं चहा फुंकला आणि प्यायला. चहा बेचव लागला, पण तिनं तो संपवला.

“यंदाचं बी तं आता सारं भेसळीचं,” माणिकराव उठता उठता म्हणाला. “जिथं जिथं रोपं गेली तिथं तेच. जुनं एखांदं झाड असन तं त्याचं बी घ्या. नाई तं विसरा.”

तो गेल्यावर फरहानं कप उचलले. जाताना पाठमोरीच म्हणाली, “अम्मी, जुनं झाड तं तुमी भुरीबाईले देल्लं होतं.”

देल्लं होतं, असं ती म्हणाली. फेकलं होतं, असं म्हणाली नाही. सुनेनं सांभाळून घेतलेला तो एक शब्द अमीनाबीला गालावर बसल्यासारखा लागला.

त्यानंतरचे दिवस तिनं हो-नाही करण्यात काढले. दिवाळी होऊन गेली होती. तांड्यावरची गाडी कधीही भरली असती आणि मग उन्हाळ्याशिवाय भुरीबाई दिसली नसती. झाड असेल का, हा एक प्रश्न. असलं तर कोणत्या तोंडानं मागू, हा दुसरा, आणि दुसराच मोठा. सासूची मिरची आपल्या हातून संपली, असं म्हणून गप्प बसावं, असंही तिला वाटलं. पण मग पावसाळ्यात बाया अंगणात आल्या की त्यांना काय दाखवणार? भज्याची कुंडी?

एका सकाळी तिनं बांगड्यांची पेटी उचलली.

“तांड्यावर चालली,” ती रहीमभाईला म्हणाली.

“पेटी कायले?”

“जाऊन राह्यलो तं दोन हात भरीन.”

“धंद्याले चालली का मांगाले, ते आधी ठरव.”

अमीनाबी मागं वळली. मग पेटी दुकानाच्या फळीवर ठेवली आणि निघाली. तांड्यावर रिकाम्या हातानं ती आयुष्यात पहिल्यांदा चालली होती. हातांचं काय करावं ते तिला कळेना. कधी ओढणीचं टोक धरी, कधी पाठीमागं बांधी.

तांड्याच्या तोंडाशीच तिनं आपलं नाव ऐकलं.

“काकी, अमीनाबीच्या बुडाशी कोंबडी उकरून राह्यली,” एक पोरगी ओरडून सांगत होती.

“हाकल ना मंग,” घरातून आवाज आला. “काल बकरीनं अमीनाबीचा शेंडा खाल्ला. आता कोंबडी मुळं काढून राह्यली. अमीनाबीच्या जिवावरच उठले सारे.”

अमीनाबी जागच्या जागी थांबली. मग पुढं झाली, आणि तिला ते दिसलं. भुरीबाईच्या दाराशी तेलाच्या जुन्या पिप्यात ते झाड उभं होतं. बुंधा तोच, लाकडी, गाठीगाठीचा. त्यावर माणसाच्या कमरेएवढा हिरवा पसारा, आणि पसाऱ्यात काळपट लाल मिरच्या. सडपातळ, शेंड्याशी जराशा वळलेल्या. हात न लावता माप कळत होतं.

हेमसिंग बाजेवर बसून कोयत्याची मूठ ठोकत होता. त्यानं वर पाहिलं.

“या. कोनती अमीनाबी आली म्हनावं? घरात एक हायेच.”

भुरीबाई बाहेर आली. तिनं अमीनाबीला पाहिलं, पदरानं हात पुसले आणि बसायला पोतं टाकलं. पाणीही दिलं. रीतीत कुठं चुकली नाही.

“झाड लय चांगलं ठेवलं,” अमीनाबी म्हणाली.

“हं. मागल्या साली कारखान्याच्या बाजूले अशी थंडी पडे की पान्यात हात नाई घालता ये. सारी पानं गळून गेली. हे म्हने, काडी हाय, फेक.” भुरीबाईनं हेमसिंगकडं मानेनं दाखवलं. “म्या म्हनलं, नाई. अमीनाबी चुड्या भरता भरता सांगे, हे मेल्यावानी दिसते पन मरत नाई. कोपीत चुलीपाशी ठेवलं. उन्हाळा आला अन् फुटलं. मंग साऱ्या कोप्यांवरच्या बाया येत, अमीनाबी काय म्हन्ते, आज किती लागल्या अमीनाबीले. तिकडच्या बायाइले तुमचं नाव ठाऊक हाय. तुमी नाई.”

“माहं नाव कायले ठेवलं झाडाले?”

“तुमी मले नाव देल्लं. मले बी काई द्या लागत होतं ना. असंच कसं घेऊ.”

हेमसिंगचं मूठ ठोकणं थांबलं होतं. तो उठून पलीकडं गेला.

“बरं. कायले आल्या?” भुरीबाईनं विचारलं.

“मिरची पायजे होती. बियाले.”

“मिरच्या बाजारात हायेत.”

“ही मिरची.”

“हीले नाव हाय. नाव घेऊन मांगा. फरदड नावाचं झाड आमच्या तांड्यावर नाई.”

पोरगी कोंबडी हाकलायचं सोडून उभी होती. शेजारच्या दारात दोघी येऊन थांबल्या होत्या. अमीनाबी आयुष्यभर बायांच्या मध्ये बसून बोलली होती, पण ते नेहमी ओट्यावरून, हातात दुसरीचा हात धरून. आज ती खाली पोत्यावर बसली होती आणि हात रिकामे होते.

“मले अमीनाबीचं बी पायजे,” ती म्हणाली.

आपलंच नाव तोंडात असं परकं लागेल हे तिला माहीत नव्हतं. आणि लगेच, सवयीनं, तोंडातून निघून गेलं, “जवळपास दुसरी मिरची तं नाई ना लावली?”

म्हणाली आणि तिनं जीभ चावली. दुसऱ्याच्या दारी मागायला आलेली बाई माल पारखून घेत होती.

“नाई,” भुरीबाई म्हणाली. “आमच्याकडं एकच हाय. तेच सांभाळलं.”

तिनं पिकलेल्या मिरच्या वेचल्या. ओंजळ भरली. अमीनाबीनं ओढणी पसरली, पण भुरीबाईनं मिरच्या ओढणीत टाकल्या नाहीत. पळसाचं पान घेतलं, त्यावर मिरच्या ठेवल्या आणि पान जमिनीवर ठेवलं. हळूच ठेवलं. रीतच होती ती. अमीनाबी वाकली. वाकून उचलताना भुरीबाईचे पाय दिसले, उसाच्या पात्यांनी चिरलेले, आणि तिला आठवलं की त्या दिवाळीला झाड याच पायांपुढं पडलं होतं, आणि ते कुणी ठेवलं नव्हतं.

“भुरीबाई,” ती उठली नाही, तशीच बोलली, “तुमी... त्या दिवशी म्या...”

तिला ती आजवर ‘तू’ म्हणत आली होती. ‘तुमी’ निघालं, पण पुढचं निघेना.

“मिरच्या घेतल्या ना,” भुरीबाई म्हणाली. “आता थो शब्द बी घेऊन जा. लय दिवस सांभाळला म्या. उसात बी आला माह्यासंग, गाडीत बसून. गावातला एक जन होता कोप्यावर, त्यानं सांगतलं साऱ्याइले. तुमचा हाय. घेऊन जा.”

एवढं बोलून ती आत गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

अमीनाबीनं मिरच्या सावलीत वाळवल्या, मग बी काढलं, राखेत घोळवलं. रात्री लपून नव्हे, भर दुपारी, फरहाला शेजारी बसवून. सगळं बी बाटलीत भरून झाल्यावर तिनं भज्याची कुंडी उचलली आणि आपल्या हातानं पुढच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

“इथंच होती हे,” ती म्हणाली. “म्याच आनली होती आत.”

“ठाऊक हाय मले, अम्मी.”

“माणिकरावले ठाऊक नाई. आज सांगतो.”

आणि सांगितलं. तो म्हातारा ‘असू द्या’ म्हणाला. असू द्या म्हणणं सोपं असतं, ज्याचं काही गेलं नाही त्याला.

पुढच्या पावसाळ्यात पिप्यात रोपं आली. पानांची ठेवण पाहूनच अमीनाबीला खात्री पटली. बाया पुन्हा अंगणात आल्या. मिरची परत आल्याची बातमी बेबीबाईनंच पसरवली होती.

“बी कुठलं म्हनता?” गल्लीतल्या सुंदरबाईनं विचारलं.

“भुरीबाईच्या झाडाचं.”

“कोन भुरीबाई?”

“तांड्यावरची. हेमसिंगची.”

“आं, फरदडबाई व्हय.”

सुंदरबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच वाईट होतं. शब्द आता कुणाचाच राहिला नव्हता. तो परत घ्यायला अमीनाबी जिथं हात घाली तिथून तो दुसरीच्या तोंडात गेलेला असे. मग तिनं आपली एक रीत लावली. दगडावर रोप ठेवी, त्यावर हात ठेवून बसे. “भुरीबाईचं रोप म्हन, मंग उचल.” बाया हसत, म्हणत, उचलत. बेबीबाईला सगळ्यात जास्त वेळ लागला.

“हे काय नवीन, अमीनाबी? नाव घ्या लागते, नवऱ्यावानी?”

“घ्या लागते. म्या बी घेतलं.”

केनवडची एक नवी सून आली होती, कोवळी, मेंदी अजून हातावर. तिनं सरळ मनानं विचारलं, “ते फरदडबाईचं रोप हेच का? माह्या सासूनं सांगतलं, तेच आनजो.” अमीनाबीनं तिला समजावलं. पोरगी घाबरून भुरीबाई, भुरीबाई म्हणत रोप घेऊन गेली. पण सासू घरी होती, आणि सासू तेच म्हणणार होती.

त्या गर्दीतच मागच्या दारात भुरीबाई उभी दिसली. तिच्या हातात काही नव्हतं.

“अमीनाबी मेली,” ती म्हणाली.

बेबीबाईनं ओठ दाबले. कुणी हसलं नाही.

“येता येता ट्रॉलीत सामानाखाली दबली. बुंध्यातूनच मोडली. तुमी त्या दिवशी आल्या नसत्या तं बी बी गेलं असतं.” ती ओट्यापाशी आली. “मले एक द्या.”

अमीनाबीनं पिप्यातलं सगळ्यात भरीव रोप मातीसकट काढलं. दगडावर ठेवायला खाली वाकली, तेव्हा भुरीबाईनं तळहात पुढं केला.

“हातात नाई देत,” अमीनाबी पुटपुटली. “भांडन होते.”

“होऊन गेलं ते.”

अमीनाबीनं रोप तिच्या तळव्यावर ठेवलं. खालून आधाराला आपला हात लावला आणि बोट आपसूक अंगठ्याच्या मुळाशी गेलं. माप तेच होतं, मधले दिवस सरूनही. मनगटावरच्या बांगड्या मालेगावच्या होत्या, मापाहून मोठ्या, सैल, कोपरापर्यंत घसरणाऱ्या. ऊस तोडताना त्या कशा लागत असतील ते अमीनाबीला दिसलं. बसा, भरून देतो, असं ओठांवर आलं. सुपात तिच्या मापाचे हिरवे जोड होते. गेल्या दिवाळीलाच अमीनाबीनं ते वेगळे काढून ठेवले होते, कुणाला न सांगता.

भुरीबाईनं हात काढून घेतला, रोपाची मुळं पदरात धरली.

“येतो,” ती म्हणाली आणि आल्या दारानं गेली. सैल बांगड्यांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

बाया थांबल्या होत्या. अमीनाबीनं मान वर न करता पुढचं रोप काढलं आणि दगडावर ठेवलं.